नारळाएवढे इंजिन आणि सोजरबाईचा स्टोव्ह

मी, साहेबराव चिमाजी गव्हाणे, वय ५७, कंपनीत टूलरूम फिटर, राहणार भोसरी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पत्नी सोजरबाई हिला तो मान्य नाही, पण तिची हरकत कायद्यात बसत नाही.

१. दोन खोल्यांचे घर आणि फंडाची रक्कम सोजरबाईस. भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे, ते तिनेच ठेवले आहे. कोणी हात लावू नये.

२. कानशी व लोखंड पकडायचा वाइस पुतण्या ज्योतीराम यास. शेजारी मारुतराव यांनी एकोणसत्तर साली नेलेला पान्हा त्यांच्याकडेच राहावा. तो हरवल्याची त्यांनी खंडोबाची शपथ घेतली होती, तेवढी मात्र मागे घ्यावी.

३. मी आठ वर्षे खपून घरी बनवलेले नारळाएवढे चालते इंजिनही ज्योतीरामास, पण पुढील अटींवर. सुटे भाग कोमट साबणपाण्यात जुन्या टूथब्रशाने धुवावेत. हट्टी काजळीपुरतेच रॉकेल घ्यावे, तेही दिवसा, अंगणात आणि विडी न ओढता. ज्योतीराम, हे तुलाच आहे. स्प्रिंग काढताना चष्मा लावावा. तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. भाग उन्हात वाळवून तेलाचा थेंब द्यावा. बारीक स्क्रू वाहून जाऊ नयेत म्हणून चहाची गाळणी लावावी, पण ती स्वतःची आणावी. पेट्रोल घरात आणूच नये. का, ते खाली आहे.

४. सन १९७२. रेशनचे रॉकेल मोजके आणि त्यावर सोजरबाईचा पहारा. म्हणून मी स्कूटरवाल्याकडून डालड्याच्या डब्यात पेट्रोल आणले आणि स्वयंपाकघरात पिस्टन धुवायला बसलो. पलीकडे स्टोव्ह पेटलेला होता. पेट्रोलची वाफ जमिनीवरून सरपटत तिकडे गेली आणि भडका उडाला. माझ्या मिशा गेल्या. सोजरबाईने माठाखालचे ओले पोते टाकून आग विझवली. त्यात तिचा डावा हात भाजला.

लोक धावून आले, तेव्हा मी म्हणालो, "हिचा स्टोव्ह भडकला." मी कंपनीच्या सुरक्षा समितीचा सभासद होतो, दुसरे काय सांगणार? पुढच्याच महिन्यात 'घरातील सुरक्षितता' या विषयावर निबंध लिहिला, त्यात तिच्या निष्काळजीपणाचा दाखला दिला आणि पहिले बक्षीस मिळवले. स्टीलचा जेवणाचा डबा मिळाला, वर माझे नाव कोरलेला. दहा वर्षे गल्लीतल्या बायका सोजरबाईला स्टोव्हला हात लावू देत नाहीत. बारशाला, लग्नाला ती फक्त कांदे चिरते. आणि दहा वर्षे ती त्याच डब्यात माझी भाकरी बांधून देते. मला त्या भाकरीची लाज वाटते.

५. सबब, डब्यावरचे माझे नाव मी कानशीने घासून काढले असून तेथे 'सोजरबाई' असे कोरले आहे. माझ्या दहाव्याला कलम ४ सार्वजनिक नळावर मोठ्याने वाचावे.

हा मसुदा आज सकाळी सोजरबाईस वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "दहाव्याला सांगणार व्हय? आन् तवर मी कांदंच चिरू? आत्ता पाणी आलंय नळाला, समद्या बाया हायेत. जावा."

६. कलम ५ मधील 'दहाव्याला' हा शब्द रद्द. लगेच, सात वाजता, नळावर उभा राहून कलम ४ मी स्वतः वाचले. बादल्या भरून वाहू लागल्या, तरी नळ बंद करायला कोणी हात पुढे केला नाही. शेजारीण सरूबाई म्हणाली, "सोजरे, येत्या रविवारी माझ्या नातवाचं बारसं हाय. स्टोव्ह तूच पेटव."

ठिकाण : भोसरी. दिनांक : १२ डिसेंबर १९८२.

सही : साहेबराव चिमाजी गव्हाणे

समक्ष सही केली व कलम ४ कानांनी ऐकले म्हणून साक्षीदार :
१. दौलतराव आबाजी लांडे (सही)
२. सरूबाई मारुतराव फुगे (डाव्या अंगठ्याची निशाणी). पान्हा सोबत परत आणला आहे.