जामसांवलीच्या रस्त्यावरचं कॉलेज

॥ श्री ॥

सौसर,
दि. १९ मे २०२५

चि. प्रणालीस, तुझ्या आबाजीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरतो, म्हणून पत्रच बरं. हिरामण टेम्पो घेऊन तुझ्या बाबांच्या कृषी केंद्रात खताच्या बॅगा पोचवायला पांढुर्ण्याला येतोच, त्याच्याजवळ देऊन राहिलो.

बारावीत इतके छान गुण! आणि मायक्रोबायोलॉजीसाठी तू सौसरला माझ्याजवळ राहायला येणार, हे वाचून मी दोनदा चहा मांडला आणि दोन्ही वेळा साखर विसरलो. पण बाई, आपलं जुनं कॉलेज असतं तर! ओसरीत बसलं तरी घंटा ऐकू यायची. माझ्या शाळेची मधली सुट्टी झाली की मी कॉलेजच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहायचो. आत कोणी श्लोक चालीवर म्हणत असलं की बाहेर माझी मान डोलायची.

आता म्हणे कॉलेजचा विस्तार झाला. नव्या प्रयोगशाळा, नवे विषय, आणि सगळा संसार उचलून नेला गावाबाहेर, जामसांवलीच्या रस्त्याला. कसं आहे म्हणून तू विचारलंस. परवा संध्याकाळी बसच्या खिडकीतून पाहिलं. उजाड माळ, आणि त्यावर ती काचेची इमारत अशी उभी, जशी वरात निघून गेल्यावर मांडवात विसरलेली करवली. अंधार पडल्यावर तिथं कोल्हे सभा भरवत असतील. वाट इतकी एकटी की आपली सावलीसुद्धा सोबत यायला नाही म्हणेल. सरस्वतीला वनवासात धाडलं या लोकांनी, दुसरं काय!

आईबाबांना आशीर्वाद सांग. माझ्या कुरकुरीसकट माझ्यावर माया असू दे.

तुझा,
आबाजी

*

पांढुर्णा,
दि. २२ मे २०२५

ती. आबाजींना, प्रणालीचा शि. सा. न.

तुमचं पत्र आलं आणि माझं वाटोळं झालं. रागावून लिहून राहिली, आधीच माफी मागते.

आपल्या घरात आलेलं पत्र, कोणाचंही असो, जेवणाआधी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, ही रीत तुम्हीच घालून दिली ना? बाबांनी वाचलं. चहाच्या साखरेवर हसले. मग कोल्ह्यांवर आले आणि थांबले. म्हणाले की जिथं कोल्हे सभा भरवून राहिले तिथं माह्या पोरीनं काय अध्यक्ष व्हावं काय? आईचं तर वेगळंच. तिनं तीनदा विचारलं की सावली सोबत येत नाही म्हणजे त्या जागेत काही बाहेरचं तर नाही ना? भाजी गार झाली. शेवटी बाबांनी सांगून टाकलं की सौसर रद्द, इथंच घराजवळ बी.ए. कर.

आबाजी, तो विषय आपल्या भागात फक्त तिथं आहे आणि तोही याच वर्षीपासून, नवी प्रयोगशाळा झाली म्हणून. दुकानात लोक संत्र्याच्या झाडाची सडकी मुळं पिशवीत घालून आणतात. बाबा एक औषध देतात, मग दुसरं देतात, तोवर झाड वाळतं. बाबा तरी काय करतील, त्या मुळाला खाऊन कोण राहिलं हे इथं कोणालाच माहीत नाही. मला ते पाहायचं आहे. ती इमारत करवली दिसो की नवरी, तिच्यात सूक्ष्मदर्शक आहे.

कॉलेजची निवड भरायची मुदत जूनच्या पहिल्या आठवड्यात संपते. एकच विचारते, राग मानू नका: तुम्ही तिथं खाली उतरलात तरी का?

तुमचा लोभ आहे हे माहीत आहे. या वेळी तो जरा सांभाळून करावा.

तुमची,
प्रणाली

*

सौसर,
दि. २४ मे २०२५

चि. अनिल यास आशीर्वाद.

अरे, तुला मी स्वतः वर्गात बसवून उत्प्रेक्षा शिकवली! 'जणू' शब्द नसला तरी ती ओळखता आली पाहिजे, हे पट्टी आपटून सांगितलं. आणि तू बापाच्या पत्रातले कोल्हे खरे धरतोस? कोल्हा हा अलंकार होता, बाप्पा, अलंकार! सावलीचं तर सोडूनच दे. सूनबाईंना सांग, तिथं बाहेरचं काही नाही.

ती जागा वाईट नाही. मोकळं आकाश आहे, वारा आहे. उद्या झाडं लागतील, पाखरं येतील, तिथं विद्येचं तपोवन उभं राहील आणि त्यात आपली प्रणाली वेलीसारखी वाढेल. पोरीचं पाऊल अडवू नकोस. उत्तर लगेच धाड.

मी चिडलो आहे, तरी तुझाच बाप आहे, हे ध्यानात असावं.

मुकुंद

*

पांढुर्णा,
दि. २७ मे २०२५

ती. बाबांना सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात वनवास, या पत्रात तपोवन. आम्ही कोणतं धरायचं? बाबा, तिथं काय आहे हे तुम्हालाच माहीत नाही.

कोल्ह्याले मी नाही भेत. मला एकच सांगा. प्रॅक्टिकल सुटल्यावर माही पोरगी त्या रस्त्यावर उभी राहील, तं तिच्यासाठी कोण थांबते? जुनं कॉलेज तुमच्या दारातून दिसत होतं, म्हणून ती सातवीत असतानाच मी तिला हो म्हटलं होतं. आता कॉलेज मोठं झालं, चांगलं झालं, मान्य. पण ते माह्या पोरीपासून लांब जाऊन मोठं झालं, त्याचं काय? काचा लावणाऱ्यांनी रस्त्यावर एक शेड टाकली काय? बस लावली काय? पेपरात फोटो छापून आणला, त्यात पोरी हसून राहिल्या. त्या घरी कशा गेल्या, ते फोटोत नाही.

बियाण्याची गर्दी सुरू झाली, दुकान सोडता येत नाही. नाही तर मीच येऊन पाहिलं असतं. पोरगी माझ्याशी बोलत नाही. तुमची सून अर्चना तुमच्या बाजूनं बोलते, पण जामसांवलीच्या मारुतीला नारळ मानून राहिली.

तब्येतीला जपावं आणि आमच्यावर चिडायचंच असेल तर थोडं कमी चिडावं.

आपला,
अनिल

*

सौसर,
दि. ३१ मे २०२५

चि. अनिल यास आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: काल ऑटो थांबले. आज नाही थांबले.

काल शुक्रवारी मी तिथं गेलो. आत परीक्षा सुरू आहेत, म्हणजे माणसं आहेत. बसमधून मी पाहिलं तेव्हा संध्याकाळ होती, सगळे गेलेले होते. फाटकावर हिरवळीच्या चित्राचा मोठा फलक आहे. हिरवळ नाही. झाडं कुठं आहेत म्हणून ऑफिसातल्या बाबूला विचारलं, तर तो म्हणाला की टेंडर हो गया है दादाजी. होस्टेलची पाटी आहे, होस्टेल नाही. पिण्याचं पाणी खालच्या मजल्यावर येतं, वर चढत नाही. प्रयोगशाळा मात्र खरी आहे. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, पण यंत्रं लागली आहेत. शिकवणाऱ्या बाई बैतूलच्या आहेत, त्यांच्याशी बोललो. मुलींचं स्वच्छतागृह बाईंना विचारून पाहून आलो. कडी लागते.

पेपर सुटल्यावर मी मुलींसोबत रस्त्यावर उभा राहिलो. देवळाकडून परतणारे ऑटो भरभर थांबले, सगळ्या गेल्या. आज शनिवार म्हणून मुद्दाम पुन्हा गेलो. सगळे ऑटो मारुतीच्या भाविकांनी भरलेले. हात दाखवून दाखवून खांदा दुखला. मुली म्हणाल्या की मंगळवारी आणि शनिवारी असंच असते आबाजी, आम्ही चालत निघतो. मी पण निघालो. त्यांनी माझी पिशवी घेतली. एकीनं माझा वेग धरून चालायचं ठरवलं आणि इतर तिला हसत होत्या. घरी पोचलो तेव्हा दिवे लागलेले होते. तुझी भीती खोटी नव्हती. मी ती अलंकारात उडवून लावली, ते चुकलं.

आपल्या गल्लीतल्या पाच मुलींनी चिंधूचा ऑटो महिनेवारी ठरवला आहे. सहाव्या जागी तो जादा टायर ठेवतो. तो टपावर बांधून जागा करतो म्हणाला. मी जागा धरून ठेवली आहे. मंगळवार-शनिवारी चिंधू येत नाही, त्या दिवशी त्याची खरी कमाई भाविकांवर. ते दोन दिवस मी प्रणालीसोबत भाविकांच्याच ऑटोत बसून जाईन. तिला फाटकावर सोडीन, पुढं देवळात जाऊन बसेन. परतीचा ऑटो देवळापासूनच धरीन, म्हणजे बसायला जागा मिळते, आणि फाटकावर थांबवून तिला आत घेईन. इतर मुली मावतील तेवढ्या येतील. आज एका ऑटोवाल्याशी तसं बोलून आलो. तो म्हणतो की बुढा बसलेला असला तं थांबाच लागते.

पावसाळ्यात माझे गुडघे कितपत साथ देतील ते सांगता येत नाही. नाही दिली तर त्या दिवशी तिची सुट्टी. यापुढं ठरवणारा तू.

तुमच्या सगळ्यांवर जीव आहे, एवढंच.

मुकुंद

*

पांढुर्णा,
दि. ४ जून २०२५

ती. आबाजींना, प्रणालीचा शि. सा. न.

तुमचं पत्र बाबांनी जेवणाआधी वाचलं. आईनं हळूच विचारलं की मामंजींची तब्येत बरी आहे ना, असं काय साधंसुधं लिहून राहिले ते? बाबांनी पत्र परत पहिल्यापासून वाचलं, या वेळी मनात. मग हिरामणला फोन लावून ओरडले, की म्हातारा माणूस पायी चालत आला आणि तू सांगितलं काहून नाही? हिरामणला बिचाऱ्याला काय माहीत! नंतर एकटेच अंगणात फिरत राहिले. पाणीसुद्धा वर चढत नाही म्हणे अन् बिल्डिंग बांधून राहिले, असं स्वतःशीच म्हणत होते. मला वाटलं, गेलं आपलं.

आज सकाळी दुकान आईवर सोपवून ते मला ऑनलाइनच्या दुकानात घेऊन गेले. तिथं गर्दी, सर्व्हर सारखा बंद पडायचा, बाबांची चिडचिड सुरू. फॉर्म भरणाऱ्या पोरावर ओरडले, पंख्यावर ओरडले, मी हळू बोलते म्हणून माझ्यावरही ओरडले. पण पहिल्या पसंतीला त्यांनी स्वतःच्या तोंडानं सौसरच्या कॉलेजचं नाव सांगितलं, आणि विषय मला सांगायला लावला.

शेवटी त्या पोरानं विद्यार्थिनीचा पत्ता विचारला. बाबांनी सवयीनं आपला पांढुर्ण्याचा सांगायला सुरुवात केली. तो अर्धा टाइप झाला. मग बाबा म्हणाले की थांब, खोडून टाक. आणि त्यांनी तुमच्या घराचा सांगितला.

घरी आल्यावर बाबांनी माझी गादी पिंजून घ्यायला काढली.

मी येऊन राहिली. तुमच्या मायेला आता रोज सामोरी जाईन.

तुमची,
प्रणाली