मनूच्या खोलीचं तापमान

२८ एप्रिल
मनू सकाळच्या गाडीनं हैदराबादला गेली. सहा आठवडे. तिथल्या प्रयोगशाळेतलं काम झाल्याशिवाय पोरीची पीएच.डी. पुढं सरकत नाही. वरच्या खोलीतली चौसष्ट रोपं माझ्या हवाली. डोंगरातली खरचुडी. कंदिलासारखं फूल येतं म्हणे, मी अजून पाहिलेलं नाही. ‘तीन वर्षांचं काम आहे बाबा,’ असं तीनदा बजावलं. भिंतीवर कागद चिकटवलाय: दिवे सकाळी सहा ते रात्री आठ, टेंप. सव्वीसच्या वर नको, पाणी चमच्यानं. मी म्हटलं, तीस वर्षं वायरमन म्हणून खांबांवर चढलोय, आठ दिव्यांचं काय घेऊन बसलीस! ती हसली नाही.

१ मे
टेंप. २८. ए.सी. अठरावर ठेवला तरी काटा हलेना. बाहेर बेचाळीस, डोक्यावर तापलेला स्लॅब, आत दिवे. एलईडी गार असतो म्हणणाऱ्यांनी एकदा हात लावून बघावा. खरी आग त्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरच्या डबीत. आठही डब्या सोडवल्या, वायर वाढवली आणि दाराबाहेर जिन्यात टांगल्या. संध्याकाळी २६. मनूला फोटो पाठवला. ‘बाबा, भारीच!’ इतकी शीळ घातली की मनूची आई, सुनंदा, म्हणाली, ‘आता जेवून घ्या, मंग वाजवा.’

४ मे
स्लॅबला चुना मारला, वर ओली गोणपाटं. मनूला विचारून दिव्यांची वेळही उलटी केली, संध्याकाळी सहा ते सकाळी आठ. म्हणजे रोपांची रात्र भर दुपारी. तेव्हा दार उघडायचं नाही, अशी ताकीद. मग दर तासाला दाराला कान लावून ए.सी.चा आवाज ऐकतो. सुनंदा: ‘आत काय बाळंतीण हाय का?’

९ मे
ए.सी. बंद. दुपारी व्होल्टेज खालीवर झालं आणि गेला. ए.सी. दुरुस्तीवाल्या मुस्तफानं उघडून पाहिलं, आतलं कार्ड जळालंय. ‘मुंबई से आयेगा काका, नौ-दस दिन पकडो.’ तोवर रोपं शिजतील! टेंप. ३६. दिवे निम्मे केले. मनूला कळवलं नाही. तिकडं एकटी आहे, उगाच तिचा जीव टांगणीला.

१० मे
हॉलमधला कूलर वर नेला. क्रांती चौकातून वाळ्याचे नवे पडदे आणले. खिडकीला मनूनं थर्माकोल ठोकलंय, ते तसंच राहू दिलं. गार हवा बाहेर कशाला घालवायची? दोन तासांत ३६ चे ३०! जीवात जीव आला. सुनंदा मात्र भडकली. ‘नळ यायचा आठ दिसाला, अन् तुमी झाडांपायी कूलरला पाणी पाजा!’ माझी अंघोळ दोन तांब्यांवर आणली.
मनूचा फोन. ‘टेंपरेचर?’ ‘एकदम ठीक.’
खोटं बोललो असं नाही. पण खरंही नाही बोललो.

१३ मे
काटा २९ वर. खोलीत शिरलं की वाळ्याचा वास, भिंतींना घाम, चष्मा धुरकटतो. गारवा आहे हे महत्त्वाचं. पाच-सहा रोपांनी माना टाकल्यात. परवाच्या उन्हाची झळ असणार. पाणी जरा वाढवलं, चमच्याऐवजी वाटीनं.

१५ मे
झळ नव्हे. मातीलगत देठं काळी पडलीत, वर कापसासारखी पांढरी बुरशी. बोट लावलं की रोप आडवं. सतरा गेली. सतरा!
मनूनं नेमका आज फोटो मागितला. डावीकडचा ट्रे चांगला आहे, त्याचेच तीन बाजूंनी फोटो काढले. ‘छान आहेत की सगळी!’ म्हणाली. लाज वाटली. साठी ओलांडली आणि पोरीला फसवतोय.

१६ मे
मुस्तफा कार्ड घेऊन लवकरच आला. दारातच थबकला.
‘काका, कूलर अंदर? खिडकी बंद करके?’
म्हटलं, टेंप. बघ की किती खाली आणलंय.
‘टेंपरेचर छोडो, हवा देखो. कूलर कू खिडकी होना ना! ये तो भाप का डब्बा बना दिए तुम.’
घरोघरी कूलर जोडून दिले मी. समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट होतं, हे प्रत्येक घरात सांगून आलो. आणि स्वतःच्या पोरीच्या खोलीत नुसता काट्याकडे बघत बसलो. शिवाय वर वाटीनं पाणी.
ए.सी. चालू. २५. कूलर खाली नेला. आता आकडा बघून बरं वाटत नाही.

१८ मे
एकूण तेवीस गेली. सुनंदा म्हणते, ‘सांगून टाका. ती काय खाणार हाय का तुमाला?’ म्हटलं, उद्या तिला तिकडच्या सगळ्या मोठ्या लोकांसमोर बोलायचंय, ते उरकू दे. ‘तिच्यासाठी थांबताय का सोतासाठी?’
भीती वाटते, दुसरं काही नाही. तिची सायकल, तिचा रेडिओ, शाळेतलं विजेचं मॉडेल, सगळं मी नीट करून दिलं. आमच्या बाबांना सगळं येतं, असं ती वर्गात सांगून यायची. हे मला नीट करता येत नाही.

२० मे
मेलेल्या रोपांशेजारी खोचलेल्या पट्ट्या आज ओळीनं लावल्या. प्रत्येकीवर मनूच्या हातानं लिहिलेलं एक अक्षर आणि नंबर. क ची तीन, ख ची दोन. बाकी अठरा सगळी ग ची. तो ट्रे बरोबर कूलरच्या तोंडाशी होता. ग चं एकच उरलंय, त्याचंही देठ खालून पिवळं.
सकाळी फोन केला. तिचं कालचं बोलणं चांगलं झालं, आवाज खुशीत होता. सहज विचारल्यासारखं केलं, क, ख, ग म्हणजे काय गं?
‘क आणि ख गौताळ्याच्या जंगलातली. त्यांचं बी आहे अजून माझ्याकडे. ग म्हणजे कन्नडच्या घाटातल्या एका दरडीवरची. ती दरडच खाली आली ना. आता तिथं एकही नाही. होतं तेवढं बी मी पेरलंय. बाबा, ग का विचारताय?’
म्हटलं, सहज.
‘तुम्ही सहज काही विचारत नाही. संध्याकाळी सातला व्हिडिओ लावते. खोलीत थांबा.’
जेवण गेलं नाही. काय बोलायचं ते दोनदा लिहून काढलं, दोन्ही कागद फाडले. कूलर, ए.सी., व्होल्टेज, सगळ्यांची नावं त्यात होती, माझं सोडून.
आता पावणेसात. बुरशी पसरू नये म्हणून जिन्यात नेऊन ठेवलेला ग चा ट्रे आत आणलाय. सुनंदा त्यातली काळी देठं उपटून माती सारखी करायला लागली होती. तिचा हात धरला. म्हटलं, राहू दे. आहे तसं बघू दे तिला.