चहा नको म्हटल्याची शिक्षा

बूढापारा, रायपूर

प्रिय साडूभाऊ देवीदासराव यांस,

नीलकंठचा नमस्कार. विनोदिनीताईंचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. आम्ही दोघं सुखरूप आहोत, आणि हे वाक्य या वेळी नुसतं रीतीपुरतं लिहिलेलं नाही. तुम्ही उन्हाळ्यात महिनाभर राहायला येणार हे कळल्यावर मनापासून आनंद झाला.

तर झालं असं. सरकारनं प्रत्येक नागरिकाची खरेपणाची चाचणी घ्यायचं काढलं आहे (नागपूरची पाळी पुढच्या महिन्यात, म्हणून एवढं सविस्तर लिहितो). बोटात अंगठीसारखं यंत्र घालतात. खरं बोललं की हिरवा दिवा, खोटं बोललं की लाल. तीन लाल झाले की सहा महिने सुधारगृहात. सदर बाजारातले एक सराफ पहिल्याच दिवशी गेले. "यात मले काही उरत नाही" हे त्यांनी सवयीनं तीनदा म्हटलं. आमच्यापैकी एक जण आत गेला, तर बाहेर राहिलेल्याचं कसं व्हायचं, या विचारानं माझी झोप उडाली होती. गोदावरीच्या मधुमेहाच्या गोळ्या मीच लक्षात ठेवतो, आणि माझं बाकी सगळं ती लक्षात ठेवते.

चाचणीला उपाशीपोटी जायचं असतं, हे गोदावरीचं मत (तिनं स्वतः पोहे खाल्ले, गोळी घ्यायची असते म्हणून). तलावाजवळच्या मंगल कार्यालयात टेबलापाशी रूपाली नावाची चौबे कॉलनीतली पोरगी बसली होती. आपल्यातलीच, मराठी सगळं समजतं, बोलते हिंदी. म्हणाली, "अंकल, चाय लेंगे?" चहासाठी जीव कासावीस झाला होता, तरी तोंडातून निघालंच, "नको नको, आत्ताच घेऊन निघालो." लाल. मी समजलो होतो पाहुणचार, तो पहिला प्रश्न निघाला. मग तिनं विचारलं, बसून बसून त्रास तर नाही ना झाला? "छे, त्रास कसला." लाल. आईबापांनी लावलेलं वळण सरकारच्या लेखी गुन्हा आहे, हे मला या वयात कळलं. तिसरा प्रश्न, सरकारच्या कामावर समाधानी आहात का? पाठ केलेलं उत्तर पार विसरलो आणि म्हणालो, "बेटा, मले आता चहाच पाहिजे." हिरवा. हिरवा आला की त्या प्रश्नाला दुसरं उत्तर घ्यायचं नाही असा नियम होता, म्हणून वाचलो.

मग गोदावरी बसली. चहाला तिनं सरळ हो म्हटलं, वर बिनसाखरेचा सांगितला. हिरवा. घरात कोणाबद्दल तक्रार? "हा माणूस चाळीस वर्षांपासून मले छळून राहिला." लाल. मी सावरून बसलो. ती भडकली. "पुढच्या जन्मी मले हा नवरा नको." पुन्हा लाल. देवीदासराव, एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि एवढी भीतीही कधी वाटली नव्हती, कारण सरकारचा प्रश्न अजून बाकी होता. मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो की पुन्हा चहा माग. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. "काहून राहू समाधानी? नळाले पाणी नाही, आन् तुम्ही इथं दिवे लावून राहिले."

हिरवा. रूपालीच्या शेजारी बसलेल्या साहेबांनी यंत्र झटकून पाहिलं, तरी हिरवाच. रूपाली हळूच म्हणाली, "सर, सुबह से इस सवाल पर जो ना बोलता है, उसी का हरा आ रहा है." नियमात मोजायचे होते फक्त लाल, त्यामुळे सोडावंच लागलं. बाहेर येऊन टपरीवर लागोपाठ दोन चहा घेतले आणि भर रस्त्यात गोदावरीचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही.

ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
नीलकंठ

ता.क. पोस्टातही आता पत्रं यंत्राखालून जातात. हे पत्र परत आलं. तुमच्या महिनाभर येण्याच्या आनंदाचं वाक्य लाल झालंय. राग मानू नका. आठ दिवस जरूर या. (हे लिहून पत्र पुन्हा यंत्राखाली घातलं, हिरवा आला.)

आणखी एक, खरं काम हेच. गोदावरी म्हणते, यंत्रच बिघडलेलं होतं. तुम्ही आलात की चहा घेताना तिला सहज विचारा, पुढच्या जन्मी नवरा कोण हवा. ती नेहमीचंच उत्तर देईल. ते मला आता कितीही वेळा ऐकावंसं वाटतं.