कॅप्टन भाकरीला लाथ मारतो

५ जानेवारी, रविवार
ठरलं. बारा वर्षं लोकांची लग्नं शूट केली, आता बास. युद्धातल्या अत्याचारांवर पंधरा मिनिटांची फिल्म. ३१ तारखेच्या आत पुण्याच्या फेस्टिव्हलला. यापुढे शुक्रवार पेठेत कुणी ‘शूटिंगवाला गुफरान’ म्हटलं तर ओ द्यायची नाही. दिग्दर्शक म्हणा.

८ जानेवारी
स्क्रिप्ट तयार. देश, साल काही नाही. जुलूम सगळीकडे सारखाच. मेन सीन: कॅप्टन झोपडीत घुसतो, उपाशी म्हातारीची शेवटची भाकरी लाथेने उडवतो. बायकोला वाचून दाखवलं. मेहनाज म्हणाली, रोटी को लात? तौबा! म्हणजे सीन पॉवरफुल आहे.

१२ जानेवारी
कॅप्टन मिळाला. शरणबसव, जिमवाला. सव्वासहा फूट, नुसतं बघून धडकी भरते. म्हातारी होटगी गावच्या मुक्ताबाई. झोपडी त्यांचीच, कडक भाकऱ्याही त्याच करणार. याला म्हणतात कास्टिंग!

१९ जानेवारी, दुपारी १
होटगी. टेक १: शरणबसवने भाकरी पायाने हळूच सरकवली. टेक २: बूट मुक्ताबाईंना लागला. कॅप्टन वाकून पाया पडला. टेक ५: भाकरी मस्त उडाली. ह्याने धावत जाऊन उचलली, कपाळाला लावली. ओरडलो, तर म्हणतो, सर, अन्न हाय की! मग सैनिक झालेल्या बाकीच्या तिघांना लाथेसाठी ट्राय केलं. तिघांनीही कपाळाला लावली. शिस्त नाही.

२० जानेवारी
चूक ॲक्टरची. क्रौर्य आतून यावं लागतं. कॅप्टन मीच करणार. माझ्यात ते आहे. पंगतीत जेवणाऱ्यांच्या तोंडावर लाईट मारतो मी.

२५ जानेवारी, शनिवार
घुसलो. डोळे वटारले. लाथ मारली. भाकरी थेट चुलीपाशी, युनिट गार. पुढचं मला आठवत नाही. फुटेजमध्ये दिसतं: कॅप्टन भाकरी उचलतो, फुंकतो, चुमतो, डोळ्यांना लावतो आणि म्हातारीला म्हणतो, माफ करा अम्मा.
शरणबसव हसून हसून खाली बसला. मुक्ताबाई म्हणाल्या, तुमा पोरांना ह्ये जमायचं न्हाय, आन न्हाय जमत त्येच बरं हाय की. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. मग त्यांनी शेंगाचटणी वाढली. सगळे जेवलो.

३० जानेवारी
एडिटमध्ये सगळं वाचवता येतं. लाथ कापली. आता सैनिक येतात, भाकरी कपाळाला लावतात, जेवतात. सूचक. जाणकारांना अत्याचार बरोबर कळेल. पाठवली.

१४ फेब्रुवारी
निवड झाली!! विभाग: पर्यटन आणि खाद्यसंस्कृती. परीक्षकांचा शेरा: ‘पाहुण्यांचं इतकं प्रेमळ स्वागत क्वचितच पडद्यावर दिसतं.’