उलटा कित्ता

६ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट आज हातात पडलं. पत्ता शेजारच्या शिंपीणबाईंच्या अक्षरात! तू आजारी पडलीस एवढंच बाबांनी फोनवर सांगितलं होतं. उजवा हात इतका थरथरतोय हे तुम्ही दोघांनी माझ्यापासून लपवलंत. लपवाछपवीत तुम्ही भावंडं पक्की आहात.

आणि हे काय, म्हणे बोरू, दौती सगळं कपाटात घालून कुलूप लावणार? ते मी चालू देणार नाही. मी सात वर्षांची होते तेव्हापासून दर आठवड्याला तू मला कित्ता दिलास. वरची ओळ तुझी, खालच्या सात माझ्या, कोपऱ्यात तारीख आणि वेळ. कामासाठी इकडे आले तरी पोस्टाने पाठवत राहिलीस. आता उलट करू. वरची ओळ मी लिहून पाठवणार, खालच्या सात तू लिहायच्या, रोज सकाळी दहाला. सोबत पंधरा कागद आहेत. लाल शाईने चुका मी काढणार! ही मजा मला कधीची हवी होती.

इकडे मोठं काम मिळालंय. नदीत होडी उलटून एकशे बारा माणसं गेली, त्यांच्या नावांची दगडी भिंत होतेय. मी दगडावर अक्षरं काढायची आणि मागून पाथरवटकाका छिन्नीने कोरत येणार. मार्चअखेर संपवायचंय. गेलेल्यांच्या घरची माणसं येऊन माझ्यामागे उभी राहतात. बारा-तेरा वर्षं जे शिकवलंस ते सगळं या भिंतीसाठीच होतं असं वाटतं.

कंटाळा केलास तर सुट्टी टाकून तिथे येऊन बसेन. रागाव, पण उत्तर दे.

तुझी,
टिंबू

२४ जानेवारी

चि. टिंबूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र कोणी लिहिलंय बघ! मी, माझ्या हाताने.

पहिल्या दिवशी तुझ्या कित्त्याखाली जे काही उमटलं ते बघून शिंपीणबाई म्हणाल्या की कोंबडी शाईत पाय बुडवून गेली. मीही चिडून कागद फेकणार होते. पण तुझा स्वभाव मला माहीत आहे, खरंच येऊन बसली असतीस. म्हणून दुसऱ्या दिवशी बसले, तिसऱ्या दिवशी बसले. पाचव्या दिवशी सातवी ओळ सरळ आली. आता तर पहिल्या ओळीपासून हात हलत नाही. डॉक्टरांनी दोनदा बोटं ताणून पाहिली आणि असं सहसा होत नाही म्हणाले.

सगळे पंधरा कागद पाठवतेय. तपासून बघ, दयामाया दाखवू नकोस. मी तुला कधी दाखवली? पहिलं वर्षभर नुसती टिंबं काढून घेतली, त्यावरून तर हे नाव पडलं. पुढचे कित्ते लवकर पाठव. एक दिवस बसले नाही तर मला चैन पडत नाही.

भिंत किती झाली? जेवण वेळेवर घे.

आठवण काढणारी,
आत्या

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घाईत आहे म्हणून टाइप करून पाठवतेय, रागावू नकोस. तुझे कागद बघून इतका आनंद झाला की पाथरवटकाकांनाही दाखवले. लाल शाई वापरायला तू जागाच ठेवली नाहीस. नवे वीस कित्ते सोबत आहेत. ते माझ्या आधीच लिहून ठेवलेल्या गठ्ठ्यातलेच आहेत, चालतील ना? रोज बस. काहीही झालं तरी थांबू नकोस.

भिंत चालू आहे. बेचाळीस नावं झाली.

तुझी,
टिंबू

२० फेब्रुवारी

चि. टिंबूस,
आशीर्वाद.

आज मला सरळ उत्तर हवंय.

इतक्या वर्षांत तुझं पत्र मशीनवर लिहिलेलं आलं नव्हतं. तापाने फणफणली होतीस तेव्हाही हाताने लिहिलंस. म्हणून मनात पाल चुकचुकली. मी आजाराआधीचे माझे कागद काढले आणि आताच्या कागदांशेजारी ठेवले. टिंबू, माझा हात परत आलेलाच नाही. ‘ळ’चा दुसरा वेढा खाली लोंबतोय. ती तुझी खोड, सात वर्षांची असल्यापासूनची, मला काढता आली नाही. बोरू बुडवला की मी दौतीच्या काठावर तीनदा आपटतेय. तसं मी कधी केलं नाही, तू करतेस.

आणि सोमवारी सातवी ओळ संपली तरी हात थांबला नाही. खाली सरकला आणि आठवी ओळ लिहिली. एका बाईचं नाव, आडनावासकट. या नावाच्या कोणालाही मी ओळखत नाही. मी नुसती बघत बसले होते गं, दुसऱ्या कोणाचं लिहिणं बघावं तशी. तो कागद सोबत पाठवतेय, मला घरात नको.

ही बाई कोण? आणि तुझा हात कसा आहे? लपवलंस तर माझी शपथ.

आत्या

२७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शपथ घातलीस म्हणून सांगते. हेही टाइप केलंय, कारण मला आता लिहिता येत नाही.

ती बाई भिंतीवरचं त्रेचाळिसावं नाव आहे. त्या सोमवारी दगडाला हात लावला आणि रेघसुद्धा ओढता आली नाही. त्याच वेळी तू ते तिथे लिहीत होतीस.

जानेवारीत हात पहिल्यांदा हलला तेव्हा थंडी असेल म्हटलं. मग तुझे कागद आले. हात हलल्याच्या वेळा मी वहीत टिपल्या होत्या, त्यांच्याशी कोपऱ्यातल्या तुझ्या वेळा ताडून पाहिल्या. दहा ते पावणेअकरा, रोज, एका मिनिटाचा फरक नाही. आधी तेवढ्या वेळापुरताच थरथरायचा, आता दिवसभर थरथरतो. बेचाळिसाव्या नावातला काना वाकडा गेला. पाथरवटकाकांनी छिन्नी खाली ठेवली. त्रेचाळिसाव्या बाईंचा म्हातारा भाऊ रोज येतो. त्याने फक्त एवढंच विचारलं की बहिणीचं नाव न थरथरता लिहाल ना, ती थंड पाण्यात गारठून गेलीय.

मला भीती वाटते, आत्या. पण हे माहीत असूनच मी तुला नवे वीस कित्ते पाठवले. हात तुझ्याकडेच राहू दे. मला जे येतं ते तुझंच दिलेलं आहे. भिंत दुसरं कोणी लिहील. तू लिहिणं थांबवलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.

तुझीच,
टिंबू

८ मार्च

चि. टिंबूस,
खूप खूप आशीर्वाद.

तुझी समजूत काढत बसायला मला सवड नव्हती. नुसतं थांबून भागलं नाही. कित्ते बंद केले, तरी चार दिवसांत माझा हात हलला नाही की तुझा सुधारल्याचं कळलं नाही. मग कपाट उपसलं. आजारपणानंतरच्या आठवड्यात मी किराणा लिहायला गेले होते, ते चिठोरं सापडलं. साखरेचा ‘स’ ओळखू येत नाही असलं अक्षर. तोच कित्ता केला.

मंगळवारी दहाला बसले. जन्मभर अक्षर सरळ यावं म्हणून गिरवलं आणि या वयात वाकडं यावं म्हणून गिरवत होते. पहिल्या तीन ओळी तुझा हात ऐकेना, मेला सुंदरच लिहीत होता! तुझा हट्टीपणा बोटांतही आहे. चौथ्या ओळीत एक काना हलला. मग मी त्या प्रत्येक वळणाला जशीच्या तशी थरथर देत गेले, हातचं काही राखलं नाही. सहावी ओळ चिठोऱ्यासारखी आली. सातवी संपता संपता बोरू गळून पडला. दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. शिंपीणबाई धावत आल्या. मी हसत होते, त्यामुळे त्या जास्तच घाबरल्या.

मंगळवारी त्या वेळी तुझ्या हाताला काय झालं ते मला कळव. हाताने लिहून कळव. आणि त्या बाईंचं नाव आधी लिही, भावाला समोर उभं करून. मग भिंतीवरच्या अक्षरांचे ठसे कागदावर काढून मला पाठव. डोळे शाबूत आहेत, लाल शाई डाव्या हाताने धरता येते. ‘ळ’ नीट काढ.

रडू आलं, हे कबूल करते. काल कपात चहा ओतायला गेले आणि अर्धा बशीत गेला. पण रात्री शांत झोप लागली, महिनाभरात पहिल्यांदा.

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. शिंपीणबाई लिहून देते म्हणाल्या, मी नको म्हटलं. तुला वाचायला त्रास होईल, दोनदा-तीनदा वाच. अक्षर माझं आहे.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
आत्या