आडवी बाटली

आई, परवा आपल्या गावातलं दारूचं दुकान बंद झालं. शाळेच्या वाटेवरचं, तेच. कुणा साहेबानं नाही, पुढाऱ्यानं नाही, आम्ही बायकांनी मत देऊन बंद केलं.

तू जायच्या कितीतरी वर्षं आधी, मी शाळेत असताना, तू ग्रामसभेत उठून विचारलं होतंस, ‘पोरींच्या वाटंवर दुकान कशापायी?’ मी तुझ्या शेजारी सतरंजीवर बसलेय. पुढारी म्हणतात, ‘सरकारनं लायसन दिलंय बाई, तुमच्याआमच्या हातात काय हाय?’ आणि सगळी सभा हसते. घरी आल्यावर तू भाकरी थापायला बसलीस. मी रडवेली होऊन म्हणाले, ‘कशाला बोललीस? लोकं हसली की.’ तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि मलाच दटावलंस, ‘हसू देत. माजं बोलणं त्येंच्या कानात गेलं का न्हाय? मग झालं तर.’

बायका मत देऊन दुकान बंद करू शकतात, हे तेव्हा आपल्याकडं कुणाला ठाऊकच नव्हतं. आम्हाला बचत गटाच्या बैठकीत कळलं. अर्ज दिला, सह्याअंगठे झाले, मतदानाचा दिवस ठरला. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. मेख एवढीच, की गावातल्या एकूण बाई मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारायला हवा. जी घरी बसली, ती उभीच्याच कामी आली. मग काय, उसाच्या फडातून बायका आल्या, शेरडं दावणीला बांधून आल्या, सोलापुरात कामाला असलेल्या सुना मोहोळवरून एसटीनं आल्या. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना दुधाच्या टेम्पोतून आणलं. केंद्रात जाऊन त्यांनी मतदानाच्या साहेबालाच विचारलं, ‘ह्यातली आडवी कंची?’

‘मला सांगता येत नाही, आजी.’

‘ऱ्हाऊ द्या. पडलेलं लई बगितलंय म्या, वळखू येतंय.’

सगळी रांग हसली, साहेबसुद्धा.

संध्याकाळी निकाल लागला. आडवी जिंकली. हलगी आली, गुलाल आला, सासूबाई टेम्पोत बसून टाळ्या वाजवत होत्या आणि मी भर चौकात नाचले. मला नाचता येत नाही हे कुणी लक्षातसुद्धा घेतलं नाही.

एक मात्र राहिलं. दुपारी दुकानवाल्याची बायकोही मत द्यायला आली होती. तो फाटकाशी उभा, एक मत तरी पक्कं असं समजून खुशीत. ती बाहेर आली, माझ्याजवळून जाताना पदर सावरल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाली, ‘आडवी. कुणाला बोलू नगंस.’ मी मान हलवली. नवऱ्याला सांगितलं नाही, सासूबाईंना नाही, पण पोटात मावेना. म्हणून आज हे लिहायला बसले. कुणाच्या हाती लागायच्या आत कागद फाडून टाकते. तिला दिलेला शब्द मोडला, आई. पण तुला सांगताना लई मजा आली.