शिरसावंद्य

सान बेनितो, ९ ऑक्टोबर १७७१

प्रिय ऊनाताई,

तुझं पत्र सहा महिन्यांनी पोचलं. मी धडधाकट आहे. दाढ दुखते, आणि इथलं मक्याचं जेवण घशाखाली उतरत नाही. हल्ली तर काहीच उतरत नाही.

तुझ्या लेकाला, फिंटनला, माझ्या हाताखाली घे म्हणतेस. "तुझा शब्द चालतो ना रे तिथे?" चालतो गं बाई. आयर्लंडात कॅथलिक म्हणून ज्याला तलवार बाळगायची बंदी, तो इथे स्पेनच्या वसाहतीत राजाचा गव्हर्नर. तू अजून ताइग लिहितेस. इथे मी डॉन तादेओ. शब्द इतका चालतो की स्वतःची शिसारी येते.

इथली एक रीत आहे. राजाचा हुकूम आला की गव्हर्नरने चारचौघांत टोपी काढायची, कागदाला ओठ लावायचे, तो डोक्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, "शिरसावंद्य, पण अंमल होणार नाही." मग कागद पेटीत. राजाचा मान राहतो, माणसंही जगतात.

मे महिन्यात हुकूम आला. किनाऱ्यावरचे इथले मूळचे कोळी चोरटा व्यापार करतात, गाव उठवा, झोपड्या जाळा. मी कागद डोक्यावर ठेवला, "शिरसावंद्य" म्हणालो आणि थांबलो.

माझा म्हातारा कारकून सेलेदोनियो खाकरला. "हुजूर, पुढचं राहिलं."

"ठाऊक आहे मला," मी म्हणालो.

खरंच ठाऊक होतं, ताई. पण माझ्या उच्चारांना हसणारे सगळे समोर उभे होते. म्हटलं, उपरा किती इमानी असतो ते बघाच एकदा.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो. ताडाच्या पानांची छपरं, भराभर पेटली. परत आल्यावर सेलेदोनियो म्हणाला, "असले हुकूम तीस वर्षं त्या पेटीत पडलेत. आम्ही ओळखतो आमच्या राजाला. त्याचं बोलणं एवढं मनावर घ्यायला तुम्हालाच यावं लागलं."

अजून एक आहे. सुरुवातीला दाढेचं लिहीत बसलो, ते हे टाळायलाच. शेवटच्या झोपडीपाशी शिपाई म्हणाला, आत एक म्हातारी आहे. मी म्हणालो, "धूर झाला की येईल बाहेर."

आली नाही.

हे वाक्य तू ऐकलेलं आहेस. आपलं छप्पर पेटवणारा इंग्रजांचा कप्तान दाराशी हेच म्हणाला होता. आपण सातही जण बाहेर आलो, एवढाच काय तो फरक.

फिंटनला पाठवू नकोस. उपाशी राहिला तरी चालेल, तिथेच राहू दे.

आई रोजच्या प्रार्थनेत त्या कप्तानाला शाप द्यायची. नाव माहीत नव्हतं म्हणून नुसतं "तो" म्हणायची. ती प्रार्थना तू सोडली नसशील. आता "तो" म्हणायची गरज नाही, खाली एक नाव देतो.

तुझा म्हणवत नाही,

तादेओ